पाणी खोटं बोलतं : मामा, मरळ आणि एक डिलीट केलेलं रील

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे. मामांचं बोलणं त्यांच्याच बोलीत आहे, ते मुद्दाम बदललेलं नाही.)

बसमध्ये असाल, लायब्ररीच्या पायरीवर असाल, नाहीतर आईनं सांगितलेलं काम टाळून गच्चीवर बसला असाल, सगळ्यांचं स्वागत.

आज पाहुणा कोणी नाही. आज मी एकटाच बोलणार आहे. झालं असं, की दोन भागांपूर्वी मी सहज बोलून गेलो, की मी मामासोबत भाल्यानं मासे मारायला जायचो. त्यावर तुमचे इतके व्हॉइस नोट आले! एकानं विचारलं, "दादा, ते व्हिडिओत दाखवतात तसं का? काळा सूट, पायात पंख, हातात बंदूक?" एका ताईनं विचारलं, "भंडाऱ्यात समुद्र कधी आला?"

ताई, समुद्र आला नाही. मुंबईचा समुद्र आमच्यापासून नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण आमच्याकडं वैनगंगा आहे. आणि गोसीखुर्द धरण झाल्यापासून तिचं पाणी असं पसरलंय, की काही ठिकाणी पलीकडचा काठ धूसर दिसतो. वारा सुटला की लाटा येतात. आमच्यासाठी तोच समुद्र.

तर आज ती गोष्ट सांगतो. त्यात माझी एक चूक आहे. ती चूक मी आजवर मित्रांना पण नीट सांगितलेली नाही. रील डिलीट केलं एवढंच सांगितलं, का केलं ते नाही.

आधी थोडं सामान समजून घ्या. व्हिडिओत दिसतं ते स्पीअरफिशिंग म्हणजे श्वास रोखून पाण्याखाली जायचं आणि रबराच्या ताणावर चालणाऱ्या बंदुकीनं मासा टिपायचा. जगात बऱ्याच ठिकाणी पाठीवर हवेची टाकी लावून अशी शिकार करायला बंदी आहे. कारण सरळ आहे. श्वास संपला की माणसाला वर यावं लागतं, तेवढी तरी माशाला संधी मिळते. टाकी लावली की ती संधी गेली.

आमचं काम पाण्याच्या वरून. डोंगा, म्हणजे आमची लहान अरुंद नाव. मागं एक जण बसून बांबूनं डोंगा ढकलतो. पुढं एक जण उभा. त्याच्या हातात बांबू, आणि बांबूच्या टोकाला लोखंडाचे पाच काटे. प्रत्येक काट्याला उलटं दात, म्हणजे लागलेला मासा निसटत नाही. काटे गावच्या लोहाराकडून करून घेतलेले. बांबू आपल्याकडच्या जंगलातला भरीव, पोकळ नाही. मामा या सगळ्या वस्तूला नुसतं "काटा" म्हणायचे. "काटा घे" म्हटलं की निघायचं.

मामा ढिवर. मासेमारी हाच घरचा धंदा. पण पोट चालायचं ते जाळ्यावर. काटा हा घरच्या कालवणापुरता. पाहुणा आला, कोणी आजारी असलं, नाहीतर भाचा सुटीत आला, की काटा निघायचा. आणि आमच्याकडं भाच्याचा मान काय असतो ते तुमच्यापैकी पूर्व विदर्भातल्या लोकांना माहीत आहे. मामा भाच्याच्या पाया पडतो. मी दहा वर्षांचा असताना पन्नाशीतला हा माणूस वाकून माझ्या पायाला हात लावायचा आणि मी लाजून घरात पळायचो. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मामांचं जुनं गाव आज पाण्याखाली आहे. गोसीखुर्दची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 ला झाली. पुढं पाणी चढत गेलं तसं गावं उठत गेली. मामांचं घर आता पुनर्वसनाच्या गावठाणात आहे, सरळ रस्ते, सारखे प्लॉट. पण डोंग्यात बसले की त्यांचं बोलणं जुन्या गावातलं. मोकळ्या पाण्यात मधेच म्हणायचे, "थांब, आता शाळा आली." मी खाली वाकून बघायचो. दिसायचं काहीच नाही, हिरवट पाणी. पुढं म्हणायचे, "हे चिचेचं झाड. इथं डोंगा डाव्या अंगानं घ्या लागते." आणि खरंच, बांबू खाली घातला की वाळक्या फांदीला टक्क लागायचा. त्यांच्या डोक्यात अख्ख्या गावाचा नकाशा होता. त्या नकाशावर ते डोंगा चालवायचे.

आता शिकवणी. पहिल्या दिवशी मी काटा मारला, मासा दिसला तिथंच. हुकला. दुसऱ्यांदा मारला, हुकला. पाच-सहा वेळा हुकल्यावर मी म्हटलं, मामा, मासा सरकतोय. मामा हसले. म्हणाले, "मासोरी नाई सरकत. पानी खोटा बोलते."

त्यांनी बांबू तिरपा पाण्यात धरला. पाण्यात शिरला तिथं तो मोडल्यासारखा दिसला. "आता सांग, बांबू मोडला का?"

मंडळी, दहावीच्या विज्ञानात प्रकाशाचं अपवर्तन आहे बघा. आपण त्याची व्याख्या पाठ केली, दोन मार्क घेतले, विसरलो. पाण्याचा अपवर्तनांक 1.33. त्याचा अर्थ असा, की सरळ वरून बघितलं तर एक मीटर खोल असलेला मासा पाऊण मीटरवर असल्यासारखा दिसतो. आणि तिरपं बघितलं तर फसवणूक अजून वाढते. मासा असतो खाली, दिसतो वर. म्हणून दिसतो त्याच्या खाली मारायचं. जितकं लांबून, जितकं तिरपं, तितकं जास्त खाली. मामा चौथी शिकलेले. अपवर्तनांक त्यांनी कधी ऐकला नाही. पण एका हातावर एक बोट, दोन हातांवर चार बोटं, असा त्यांचा हिशोब होता आणि तो चुकत नसे.

दुसरी युक्ती. काट्याचं टोक आधीच हळूच पाण्यात घेऊन उभं राहायचं. म्हणजे पाणी जसं माशाबद्दल खोटं बोलतं तसंच काट्याच्या टोकाबद्दलही खोटं बोलतं, आणि दोन्ही खोटी बरीचशी जुळतात. ही गोष्ट मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला कळली, की मामांनी जे सांगितलं ते बरोबर का आहे.

तिसरी गोष्ट, मासाही आपल्याला बघतो. पाण्याखालून वर बघताना त्याला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. साधारण 97 अंशांची ती खिडकी. आपण ताठ उभे राहिलो तर त्या खिडकीत लवकर शिरतो. गुडघ्यात वाकलो, सूर्य समोर ठेवला, सावली मागं पाडली, तर उशिरा दिसतो. "सावली मासोरीच्या आंगावर टाकू नको," हे मामांचं रोजचं वाक्य.

आणि चौथा नियम. हा सगळ्यात मोठा. डोंग्यात पुढं उभा असतो त्याला मासा दिसतो, पण बाकी काही दिसत नाही. मागं बसलेल्याला सगळं दिसतं. वारा, फांदी, दुसऱ्याचं जाळं, डोंग्याचा तोल. म्हणून बसलेला "रावू दे" म्हणाला की काटा खाली. का, कशाला, विचारायचं नाही. काठावर गेल्यावर विचारायचं. एकट्यानं तर जायचंच नाही, कारण मग "रावू दे" म्हणायला कोणी नसतं.

आता येतो मूळ गोष्टीवर.

2022 चा जुलै. पाऊस चांगला लागला होता. पाणी काठच्या पडीक शेतात शिरलं होतं, गवत अर्धं पाण्यात, अर्धं वर. मी सुटीवर आलेलो. नवा फोन घेतला होता आणि डोक्यात एकच खूळ, रील. सोबत मामेभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो मधे बसून शूट करणार, मी पुढं उभा, मामा मागं बांबूवर. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, काट्याचा हा हंगामच नाही. मामा म्हणाले पण तसं. मी म्हटलं, नुसतं फिरून येऊ.

गवताच्या कडेला पाण्यावर एक लालसर, नारिंगी ठिपका दिसला. ताटाएवढा. जवळ गेलो तर तो हलत होता. बारीक बारीक पिल्लं, हजारोंनी, एकमेकांना चिकटून, पाण्याच्या वरच्या थराला उकळी आल्यासारखी खदखदत होती. मरळीची पिल्लं.

ज्यांनी मरळ फक्त ताटात बघितली त्यांच्यासाठी थोडं थांबतो. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा मासा. हा मासा हवेतला श्वास घेतो, त्यासाठी त्याला वर यावंच लागतं. म्हणूनच बाजारात मरळ जिवंत मिळते. ओल्या पोत्यात ती तासन् तास तग धरते, आणि जिवंत असते म्हणून भाव खाते. तेलंगणानं तर तिला राज्यमासा केलंय. आपल्या महाराष्ट्राचा राज्यमासा 2023 मध्ये पापलेट ठरला, तो समुद्रातला. आमच्या भागाला कोणी विचारलं असतं तर आम्ही मरळच सांगितली असती.

तर ही मरळ पावसाच्या तोंडाशी उथळ पाण्यात येते, गवत-वनस्पती बाजूला सारून छोटी मोकळी जागा करते आणि तिथं अंडी सोडते. अंडी पाण्यावर तरंगतात. दिवस-दोन दिवसांत पिल्लं निघतात. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. मरळ जात नाही. नर-मादी दोघं राखण करतात. पिल्लांचा तो नारिंगी घोळका जिथं जाईल तिथं खाली आई किंवा बाप सावलीसारखा असतो. काही आठवडे हे असंच चालतं. बेडूक आला, दुसरा मासा आला, तर अंगावर धावून जातात. माणसाच्या पायाला पण धडक देतात.

म्हणजे शिकाऱ्यासाठी हे किती सोपं झालं बघा. गढूळ पाणी असू दे, मासा दिसू नये. घोळका दिसतो. घोळक्याखाली मोठी मरळ आहे हे नक्की. ती पळणार नाही हे नक्की. आणि श्वास घ्यायला वर येणार हेही नक्की.

मी काटा उचलला. मामेभावानं फोन वर केला.

मागून मामा म्हणाले, "रावू दे."

मी ऐकलं. मंडळी, मी तुम्हाला खरं सांगतो, मी ऐकलं. नंतर सगळ्यांना सांगितलं की वाऱ्यात ऐकू आलं नाही. वारा नव्हता. मला स्वच्छ ऐकू आलं. पण कॅमेरा चालू होता, आणि कॅमेऱ्यासमोर काटा खाली ठेवणं मला जमलं नाही.

घोळक्याच्या मधोमध पाणी उमटलं. काळं डोकं वर आलं. मी मारला. वीत-दोन वीत खोल पाणी, चुकायचा प्रश्नच नव्हता. दोन-अडीच किलोची मरळ. काट्यावर ती अशी तडफडली, की डोंगा हलला.

मामा काही बोलले नाहीत. भाचा ना मी. भाच्याला रागवायचं नाही, हात तर उगारायचाच नाही. त्यांनी डोंगा वळवला आणि काठाला लावला. रात्री मामीनं कालवण केलं. मामा जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले.

रात्री मी रील टाकलं. गाणं लावलं, स्लो मोशन केलं, आणि ठिकाणाचा टॅग लावला. गावाचं नाव, गवताची ती कड, मागचं वाळलं झाड, सगळं स्पष्ट. सकाळी उठलो तर हजारांनी व्ह्यूज. दुपारपर्यंत चाळीस हजार. मी हवेत.

पहाटेच मामांनी उठवलं होतं. "चाल, जाऊन येऊ." काटा घेतला नाही. फोन ठेव म्हणाले. दोघंच गेलो. त्याच जागी डोंगा गवताला टेकवला आणि बसले. मी पण बसलो.

घोळका होता. पण कालच्यासारखा गोल नव्हता. फाटला होता. तीन-चार तुकडे इकडं तिकडं. मी विचारलं, "मामा, दुसरी असेल ना खाली?" म्हणाले, "असंल. आली तं आली." आम्ही वाट बघितली. वर कोणी आलं नाही. कदाचित आदल्या दिवशीच्या धडपडीत ती दूर गेली असेल, कदाचित कोणाच्या जाळ्यात आधीच गेली असेल. आधी एक खंड्या आला. मग खालून बारीक मासे लागले, पाण्यावर टिप टिप आवाज येत होता. मग पाणकावळा. तास-दीड तास आम्ही तिथं होतो. मामा एक शब्द बोलले नाहीत. निघताना एक तुकडा उरला होता, तळहाताएवढा.

परतताना फक्त एवढं म्हणाले, "तुले दिसली ते एक होती. मले दिसत होते ते हजार होते."

त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण रील काढलं नाही. हेही खरं सांगतो. चाळीसचे सत्तर हजार होत होते.

पुढचं मला नागपूरला परतल्यावर मामेभावानं फोनवर सांगितलं. टॅग बघून पोरं येऊ लागली. लांबून, गाड्यांवर. आधी काटे घेऊन. मग इन्व्हर्टर-बॅटरी घेऊन, पाण्यात करंट सोडायला. हा प्रकार काय आहे तुम्हाला माहीत असेल. करंट सोडला की लहान, मोठं, गाभोळीचं, सगळं उलटं होऊन वर येतं. त्यात माणसंही मेलेली आहेत. पाण्यात सुरुंग लावून आणि विष टाकून मासे मारणं हा इंग्रजांच्या 1897 च्या मत्स्य कायद्यापासूनचा गुन्हा आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीसुद्धा लोकांना कळलं होतं, की असं केलं तर पुढच्या वर्षी काही उरत नाही. तीन आठवड्यांत ती गवताची कड साफ झाली.

मच्छीमारांच्या सोसायटीची बैठक झाली. व्हिडिओ कोणाचा, हा प्रश्न आला. मामेभाऊ तिथं होता. तो म्हणाला, बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "माझा भाचा हाये. दंड माझ्याकून घ्या."

दंड किती, ते सांगत नाही. मामांच्या चार-पाच दिवसांच्या कमाईएवढा होता. मी पैसे पाठवले, त्यांनी परत पाठवले.

त्याच बैठकीत एक वेगळा आवाजही निघाला होता, तो सांगायलाच पाहिजे. दोघं-तिघं म्हणाले, मरळ मेली तर मेली, चांगलंच झालं, ती आपली बोटुकली खाते. यात तथ्य आहे. संस्था पाण्यात कटला, रोहू, मृगल यांचं बीज सोडतात. बोटभर झालेलं बीज म्हणजे बोटुकली. त्यासाठी पैसे मोजलेले असतात. मरळ शिकारी मासा, ती त्यातलं खाणारच. ज्याचं पोट त्या बीजावर आहे त्याला मरळीचं मातृत्व सांगून उपयोग नाही.

मामांनी उत्तर दिलं ते हिशोबाचं. "बीज इकत आनावं लागते. हे फुकट येते."

हे वाक्य मला नंतर उलगडलं. कटला, रोहू हे नदीचे मासे. वाहत्या पुराच्या पाण्यात ते अंडी देतात, तलावाच्या साचलेल्या पाण्यात देत नाहीत. म्हणून पूर्वी बीज नदीतून गोळा करावं लागायचं. 10 जुलै 1957 ला ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पिट्युटरी ग्रंथीचं इंजेक्शन देऊन या माशांना अंडी द्यायला लावलं. म्हणूनच 10 जुलै हा आपल्याकडं राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. मोठं काम आहे ते, त्याच्यामुळं देशभर मत्स्यशेती वाढली. पण त्यामुळं बीज दरवर्षी विकत घ्यायची वस्तू झाली. आमच्या पाण्यातल्या मरळ, वाम, शिंगटा, झिंगे यांना कोणी इंजेक्शन देत नाही, कोणी बिल लावत नाही. त्यांना फक्त दोन गोष्टी हव्यात. कडेला गवत-वनस्पती, आणि पावसाच्या त्या काही आठवड्यांत शांतता. ज्याच्याकडं बीजाला पैसे नाहीत त्या ढिवराचं घर या फुकटच्या माशांवर चालतं.

समुद्रात हा नियम पाळला जातो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवायची पद्धत वर्षानुवर्षं आहे. कारण तेच, प्रजनन. आमच्याकडं तो नियम "रावू दे" एवढ्या दोन शब्दांत होता.

आणि हे काही फक्त मामांचं खूळ नाही. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव, ज्यांना आपण मालगुजारी तलाव किंवा "मामा तलाव" म्हणतो. माजी मालगुजारीचं लघुरूप मामा. लहानपणी मला वाटायचं, सगळे तलाव माझ्या मामाचेच आहेत. 1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांधसारखे मोठे तलाव तिकडं गेले. तिथं अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि मनीष राजनकर यांनी ढिवरांसोबत तलाव सुधारायचं काम केलंय. बेशरमची झाडं उपटली, पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती परत लावल्या. मासे लावले नाहीत, आधी गवत लावलं. घर तयार झालं की मासा आपोआप येतो, हे म्हाताऱ्या ढिवरांनीच सांगितलेलं. मी हे वाचलं तेव्हा मला ती साफ झालेली कड आठवली.

आता तुम्ही म्हणाल, दादा, एका मरळीनं काय होतं? नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी कन्हानमध्ये जातं, कन्हानमधून वैनगंगेत, ते येऊन गोसीखुर्दच्या पाण्यात थांबतं. पाण्यावर जलपर्णीची चादर पसरते. हे इतकं मोठं असताना तुझ्या रीलचं काय घेऊन बसलास?

बरोबर आहे. मी पण स्वतःला हेच सांगायचो. पण नाग नदी माझ्या हातात नव्हती, काटा होता. आणि टॅगही माझ्याच बोटानं लावलेला.

रील मी बैठकीची गोष्ट कळल्यावर काढलं. त्या रात्री एक लाख दहा हजार व्ह्यूज होते. डिलीट करताना हात थरथरला, हे पण कबूल करतो.

शेवटचं सांगतो. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एकाचं ऑपरेशन झालंय. पाणी चकाकलं की त्यांना त्रास होतो, त्यामुळं ते आता पुढं उभे राहत नाहीत. गेल्या हिवाळ्यात, पाणी निवळल्यावर, आम्ही गेलो होतो. मी पुढं, ते मागं. जुन्या शाळेवरून डोंगा नेला. चिंचेला डावीकडून वळसा. हे सगळं त्यांनी डोळे मिटून केलं म्हटलं तरी चालेल.

एक वाम दिसली. चांगली लांब. मी काटा धरला, टोक पाण्यात घेतलं.

"काय दिसते?" मामांनी विचारलं.

"वाम आहे मामा. मोठी."

थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "रावू दे."

मी काटा आडवा ठेवला आणि बसलो. काठावर आल्यावर विचारायची मुभा असते, म्हणून विचारलं, का थांबवलं? गाभोळीची होती का? जाळं होतं का कोणाचं?

मामा म्हणाले, "काई नोतं. आयकते का नाई ते पायलं."

(हसू)

आणि वाकले. माझ्या पायाला हात लावायला. या वेळी मी पळालो नाही. पण त्यांच्या आधी मी वाकलो.

तर मंडळी, एवढंच. उपदेश नाही करत, पण तीन गोष्टी सांगून ठेवतो. पाण्यावर नारिंगी घोळका दिसला तर बघा, फोटो काढा, आणि पुढं जा. ज्या पाण्यात जाल ते कोणत्या सोसायटीकडं आहे ते आधी विचारा, एकटे जाऊ नका. आणि कुठलीही सुंदर जागा टाकताना तिचा पत्ता टाकू नका. बघणारा प्रत्येक जण तुमच्यासारखा नसतो, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पण माझ्यासारखा नव्हतो.

तुमच्या घरात असं "रावू दे" म्हणणारं कोणी आहे का? आजी, काका, आत्या, कोणी पण. त्यांचं एक वाक्य व्हॉइस नोट करून पाठवा, त्यांच्याच बोलीत, सुधारू नका. पुढच्या भागात ऐकवतो.

चला, भेटू. काळजी घ्या.